भरतीची रेषा आणि विश्वस्ताची मालकी : किनारजमिनीच्या वादांतील सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

जमिनीच्या मालकीविषयीची आपली सारी भाषा स्थिर सीमेवर उभी आहे. बांध, हद्दीचा दगड, मोजणीचा नकाशा आणि सात-बाराचा उतारा या सर्वांमागील गृहीत एकच आहे, ते म्हणजे जमीन काल जेथे होती तेथेच ती उद्या असेल. समुद्रकाठची जमीन हे गृहीत दिवसातून दोनदा मोडते. भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा पट्टा जमीन म्हणून मोजावा की समुद्र म्हणून सोडून द्यावा, या प्रश्नाचे उत्तर निसर्ग देत नाही. ते कायद्याला द्यावे लागते. आणि कायदा जेव्हा ते उत्तर देतो तेव्हा तो कोणाला तरी काही देत असतो व कोणाकडून तरी काही काढून घेत असतो.

१९९६ च्या डिसेंबर महिन्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्याच्या निकालात 'सार्वजनिक विश्वस्त तत्त्व' हे आपल्या विधिव्यवस्थेचे अंग असल्याचे घोषित केले. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने ही जनतेच्या उपभोगासाठी असून राज्यसंस्था त्यांची केवळ विश्वस्त आहे, असा या तत्त्वाचा आशय. पर्यावरणविषयक लेखनात या निकालाचे स्वागतच अधिक झाले आणि ते योग्यही होते. परंतु या तत्त्वाची आधुनिक घडण ज्या खटल्यांतून झाली ते बहुतांशी अमेरिकेतील भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या आणि बंदराच्या मालकीचे खटले होते, ही गोष्ट आपल्याकडील चर्चेत मागे पडते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हे तत्त्व आयात करताना आपण त्याचा एकच भाग घेतला. राज्य विश्वस्त आहे हे आपण स्वीकारले. परंतु न्यासाची सीमा कोठे आणि हिताधिकारी नेमका कोण, हे दोन प्रश्न अनुत्तरित ठेवले. कोकणच्या किनाऱ्यावर या अनुत्तरित प्रश्नांची किंमत मोजावी लागते ती रापणकरांना, मासळी सुकविणाऱ्या स्त्रियांना आणि खारभूमीतील शेतकऱ्यांना.

२. रेषा कोणत्या भरतीची?

रोमन विधिपरंपरेत जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स' या सहाव्या शतकातील ग्रंथाने समुद्र आणि समुद्रकिनारा सर्वांच्या सामाईक वस्तूंत गणला. किनारा कोठवर, तर हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथवर पोहोचते तेथवर. ही व्याख्या उदार आहे. वादळी हंगामातील टोकाची लाट प्रमाण मानल्यामुळे सार्वजनिक पट्टा शक्य तितका रुंद होतो.

इंग्रजी विधीने ही रेषा समुद्राकडे सरकविली. सतराव्या शतकात मॅथ्यू हेल यांनी समुद्रकाठच्या भूमीवर प्रथमदर्शनी राजसत्तेचा हक्क असतो या मताला व्यवस्थित रूप दिले. परंतु राजाची भूमी कोठे संपते? १८५४ च्या अ‍ॅटर्नी जनरल विरुद्ध चेंबर्स या निकालाने उधाणाची भरती नाकारली आणि उधाण व भांग यांच्या मधली सरासरी भरती स्वीकारली. जी जमीन वर्षाच्या बहुतेक काळ कोरडी राहते व कसण्याजोगी असते ती खाजगी मालकाची, हा त्यामागील तर्क. रोमन व्याख्या लाटेची पोच पाहते आणि इंग्रजी व्याख्या नांगराची. दोन्ही व्याख्या आपापल्या परीने सुसंगत आहेत. मात्र त्यांतून हितसंबंधांची दोन भिन्न वाटणी होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

अमेरिकेत या सरासरीला गणिताचे रूप मिळाले ते १९३५ च्या बोरॅक्स कन्सॉलिडेटेड विरुद्ध लॉस एंजेलिस शहर या खटल्यात. सॅन पेद्रो उपसागरातील मॉर्मन आयलंड येथील जमिनीचा हा वाद. कंपनी संघशासनाने १८८१ साली दिलेल्या सनदेवर विसंबून होती. शहराचे म्हणणे असे, की भरतीखालची जमीन कॅलिफोर्निया राज्याची होती व राज्याने ती शहराला दिली, म्हणून संघशासनाला ती देण्याचा अधिकारच नव्हता. कंपनीने भांगाच्या भरतीची रेषा पुढे केली, कारण ती समुद्राच्या अधिक जवळ पडते. सरन्यायाधीश ह्यूज यांच्या निकालपत्राने ती अमान्य करून सर्व भरत्यांची सरासरी ग्राह्य धरली आणि ही सरासरी १८.६ वर्षांच्या निरीक्षणांवरून काढली जावी, असे म्हटले.

१८.६ वर्षे हा आकडा आपल्या वाचकांना सर्वस्वी अपरिचित वाटू नये. चंद्रकक्षेच्या ज्या दोन पातबिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो, त्यांची राशिचक्रातील एक फेरी पूर्ण होण्यास लागणारा हा काळ होय. या चक्राबरोबर भरतीची उंची किंचित कमीअधिक होत राहते. न्यायालयाने हद्दीचा दगड रोवावयाचा तो आकाशातील या चक्राच्या आधाराने, असा याचा अर्थ. शास्त्रीय दृष्ट्या ही पद्धत निर्दोष आहे. तथापि अशी रेषा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. कोळ्याला उधाण ठाऊक असते, भांग ठाऊक असतो, तिथीवरून पाण्याची वेळ ठाऊक असते. सरासरी भरती त्याने कधीच पाहिलेली नसते. ती पाहावयाची तर भरतीमापक यंत्राची नोंद, सर्वेक्षक आणि वकील लागतात. म्हणजेच रेषा जितकी अचूक, तितकी ती सिद्ध करण्याची साधने मोजक्यांच्या हाती.

हा फरक किरकोळही नसतो. उभ्या कातळावर दोन भरत्यांतील अंतर काही हातांचे असेल. परंतु खाडीकाठच्या सपाट चिखलणीत उतार शंभरास एक असा असेल आणि भरतीच्या दोन पातळ्यांत केवळ एक मीटरचे अंतर असेल, तर जमिनीवर ते शंभर मीटर भरते. एवढ्या पट्ट्यात एखाद्या कोळीवाड्याची सारी वलांडी मावते.

३. मालकी आणि न्यास : अमेरिकेतील दोन परंपरा

रेषा ठरल्यानंतर दुसरा प्रश्न उभा राहतो : रेषेखालील जमिनीचा मालक तिचे काय करू शकतो? या बाबतीत अमेरिकेत दोन परंपरा दिसतात.

पहिली परंपरा १८९२ च्या इलिनॉय सेंट्रल रेल्वे विरुद्ध इलिनॉय राज्य या निकालाची. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८६९ साली शिकागो बंदरालगतची मिशिगन सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जमीन रेल्वे कंपनीला दिली आणि १८७३ साली आपलाच निर्णय फिरविला. कंपनी आपल्या हक्काचा आग्रह धरून बसली. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी बहुमताच्या निकालात असे ठरविले, की ही जमीन राज्याची असली तरी ती विकाऊ मालमत्तेप्रमाणे राज्याची नाही. नौकानयन, व्यापार व मासेमारी यांसाठी ती जनतेच्या वतीने धारण केलेली आहे, आणि संपूर्ण बंदरावरचा ताबा सोडून देण्याचा अधिकार विधिमंडळालाही नाही. निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनी लागला. एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे : मिशिगन सरोवराला नाव घेण्याजोगी भरती-ओहोटी नाही. भरतीच्या पट्ट्यासाठी घडलेले तत्त्व न्यायालयाने येथे भरती नसलेल्या पाण्याला लावले. तत्त्वाचा समुद्रापासूनचा प्रवास तेथेच सुरू झाला होता.

दुसरी परंपरा मॅसॅच्युसेट्सची. तेथील १६४१ ते १६४७ या काळातील वसाहतकालीन अध्यादेशाने धक्के बांधले जावेत या हेतूने किनारजमिनीची खाजगी मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत, कमाल १,६५० फुटांपर्यंत, वाढविली. मात्र मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन हे तीन हक्क जनतेसाठी राखून ठेवले. मेन राज्य १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होते, म्हणून तेथेही हाच नियम चालतो. १९८९ साली बेल विरुद्ध वेल्स गाव या खटल्यात मूडी बीच या पुळणीवर फिरण्याचा, पोहण्याचा जनतेचा हक्क मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नाकारला. जनतेला करमणुकीचा हक्क देणारा १९८६ चा कायदाही भरपाईविना खाजगी मालमत्ता घेणारा म्हणून रद्द झाला. पुढे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने असे ठरविले, की खडकावर वाढणारे सागरी शैवाल काढणे म्हणजे 'मासेमारी' नव्हे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील ते शैवाल किनारजमिनीच्या मालकाचे आहे.

या दोन परंपरांची तुलना बोधप्रद आहे. पहिल्या परंपरेत मालकी राज्याची, हिताधिकारी मात्र 'जनता' एवढाच संदिग्ध. दुसरीत मालकी खाजगी, परंतु हिताधिकाऱ्याचा हक्क नावानिशी नोंदलेला आणि म्हणून पावणेचारशे वर्षे टिकलेला. संदिग्ध हक्क न्यायालयाच्या औदार्यावर जगतो. नोंदलेला हक्क टिकतो, पण तो वाढत नाही. मासे पकडणाऱ्याला मेनच्या पुळणीवरून कोणी हाकलू शकत नाही, पण शैवाल गोळा करणाऱ्याला हाकलता येते. आपल्या चर्चेच्या दृष्टीने हा धडा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

४. तत्त्वाचा भारतीय अवतार

कमलनाथ खटल्यातील वस्तुस्थिती डोंगरातील आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका खाजगी निवासगृहाला वनजमीन भाडेपट्ट्याने देण्यात आली आणि पूर टाळण्यासाठी नदीचा प्रवाह वळविण्याची कामे झाली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी भाडेपट्टा रद्द ठरविताना इलिनॉय सेंट्रलचा निकाल, कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराचा १९८३ चा निकाल आणि प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांचा १९७० चा प्रसिद्ध निबंध यांचा विस्ताराने आधार घेतला. सॅक्स यांच्या मांडणीनुसार न्यासातील संपत्तीवर तीन बंधने असतात : तिचा वापर सार्वजनिक कामासाठीच व्हावा, पुरेसे मोल मिळाले तरी ती विकली जाऊ नये आणि तिचे ठरावीक प्रकारचे उपयोग अबाधित राखले जावेत.

यातील तिसरे बंधन निकालात उद्धृत झाले, परंतु कार्यरत झाले नाही, असे माझे मत आहे. 'ठरावीक प्रकारचे उपयोग' म्हणजे कोणते, हे बियासच्या काठी विचारण्याची गरज पडली नाही. एका बाजूला निवासगृह होते आणि दुसऱ्या बाजूला नदी. नदीच्या बाजूने 'समस्त जनता' उभी आहे असे म्हणणे पुरेसे होते. हिताधिकारी अमूर्त राहिला तरी निकालात काही उणे पडले नाही. त्या खटल्यापुरते हे ठीक. पण तेच सूत्र किनाऱ्यावर नेले की अडचण सुरू होते. कारण किनाऱ्यावरची जनता एकजिनसी नसते.

येथे एक योगायोग लक्षणीय आहे. कमलनाथ निकालाच्या दोनच दिवस आधी, ११ डिसेंबर १९९६ रोजी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्याच खंडपीठाने एस. जगन्नाथ विरुद्ध भारत संघ या खटल्यात किनारपट्टीवरील कोळंबीसंवर्धन उद्योगाविरुद्ध निकाल दिला. हा वाद खऱ्या अर्थाने भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा होता. तेथे निकालाचा मुख्य आधार १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना आणि पर्यावरण संरक्षण कायदा हा होता. विश्वस्त तत्त्वाची भव्य मांडणी मात्र नदीसाठी झाली. समुद्रकाठच्या तत्त्वाला आपल्याकडे समुद्रकाठची कसोटी प्रारंभी लागलीच नाही, असे यावरून म्हणता येईल.

ती कसोटी काही अंशी गोव्यात लागली. फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स या खटल्यात २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोना पावलाजवळील वायंगिणी पुळणीवर जाण्याची लोकांची वाट हॉटेलच्या बांधकामामुळे अडू नये असे ठरविले आणि वाट रोखणारे बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला. न्यायमूर्ती सिंघवी यांच्या निकालपत्रात विश्वस्त तत्त्वाला मोठे स्थान आहे. या निकालाचे बळ मात्र एका ठोस गोष्टीत आहे : तेथे वाट होती, ती वापरली जात होती आणि ती खुली ठेवण्याचे बंधन शासनाशी झालेल्या करारात होते. अमूर्त तत्त्वाला ठोस नोंदीचा आधार मिळाला, म्हणून ते फलद्रूप झाले.

५. मालक, विश्वस्त की विक्रेता?

महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याचे कलम २०. या कलमानुसार समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा भरतीच्या उच्च रेषेखालील तळ राज्य शासनाची मालमत्ता आहे आणि विहित रीतीने तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातून हा विचार पुढे आलेला आहे. कलमाची भाषा मालकाची आहे, विश्वस्ताची नव्हे.

परंतु कलम तेथे थांबत नाही. ही विल्हेवाट वहिवाटीच्या वाटांना आणि जनतेच्या किंवा व्यक्तींच्या कायद्याने अस्तित्वात असलेल्या अन्य सर्व हक्कांना अधीन राहूनच करावयाची आहे, असे बंधन त्याच वाक्यात घातलेले आहे. शासनाविरुद्ध कोणी हक्क सांगितला तर जिल्हाधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून निर्णय द्यावा, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे विश्वस्त तत्त्वाचे बीज शोधण्यासाठी शिकागोपर्यंत जाण्याची गरजच नव्हती. ते आपल्या महसूल कायद्याच्या एका उपवाक्यात होते, आणि तेही अमूर्त 'जनते'पुरते न राहता 'व्यक्तींच्या हक्कां'सह होते. आपण परदेशातील निकाल वाचला, घरातील उपवाक्य वाचले नाही. माझ्या मते हा या संपूर्ण विषयातील सर्वांत मोठा बौद्धिक दोष आहे.

या कलमातील दुसरी उणीव रेषेची. 'भरतीची उच्च रेषा' म्हणजे कोणत्या भरतीची, हे कलम सांगत नाही. इंग्रजी परंपरा लावली तर ती सरासरी भरतीची ठरेल. याउलट १९९१ ची आणि २०११ ची किनारा नियमन अधिसूचना उधाणाच्या भरतीची सर्वोच्च रेषा प्रमाण मानते. त्यामुळे एकाच पुळणीवर दोन रेषा संभवतात : एक मालकीची आणि दुसरी नियमनाची. या दोन रेषांमधील पट्ट्यात माणूस जमिनीचा मालक असू शकतो आणि तरीही कायद्याच्या नजरेत त्याची जमीन समुद्राचा भाग असते. नियमनासाठी उधाणाची रेषा घेणे योग्यच आहे. पण ती मालकीची रेषा नव्हे हे गावपातळीवर कोणी समजावून सांगत नाही, आणि त्यातून भीती व अफवा यांना वाव मिळतो.

तिसरी अडचण अशी की 'राज्य' म्हणजे तरी कोण, हेच अनेकदा निश्चित नसते. प्रादेशिक सागराच्या तळाखालील संपत्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार संघराज्याकडे आहे. किनाऱ्यावरील पट्टा महसूल कायद्याने राज्याकडे. मिठागरांच्या जमिनींवर केंद्राच्या मीठ विभागाचा दावा. मुंबईतील कांजूरमार्ग येथील १०२ एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी देण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा १ ऑक्टोबर २०२० चा आदेश केंद्राने मीठ विभागाच्या मालकीच्या आधारे आव्हानित केला आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. दोन विश्वस्त एका न्यासासाठी भांडत आहेत असे हे चित्र वरवर दिसते. प्रत्यक्षात ते दोन मालकांचे भांडण होते; मिठागराचा पट्टा पूर्वीपासून कोणाच्या उपयोगात होता, हा त्या वादाचा मध्यवर्ती प्रश्न नव्हता.

६. फुटलेला बांध : तत्त्वाची खरी परीक्षा

विश्वस्त तत्त्वाची खरी परीक्षा उंची हॉटेलच्या दारात होत नाही. ती खारभूमीच्या फुटलेल्या बांधावर होते. रायगड जिल्ह्यातील खारजमीन ही निसर्गाची देणगी नव्हे. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून आतले पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, पावसाने मीठ धुऊन निघण्याची वाट पाहायची आणि मग भात घ्यायचे, अशी ही पिढ्यांच्या श्रमाची जमीन आहे. येथील शिलोत्री पद्धतीत बांधाच्या देखभालीसाठी बिघ्यामागे धान्याचा ठरावीक मण द्यावा लागे. म्हणजे बांधाची जबाबदारी आणि तिचा खर्च हे दोन्ही हक्काच्या रचनेतच गुंफलेले होते. त्या पद्धतीत शोषण होते, यात शंका नाही. १९५५ च्या कायद्याने शिलोत्री हक्क नष्ट झाले आणि १९४८ च्या व त्यानंतर १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासकीय योजनांकडे आली. गोव्यातील खाजनांमध्ये गावकरीची सामुदायिक व्यवस्था आणि 'मानस' यांचे नाते असेच होते व तेथेही ती व्यवस्था क्षीण झाली.

आता बांध फुटला आणि वेळेवर बुजविला गेला नाही, तर काय होते? भरतीचे पाणी आत येते. दोनचार पावसाळ्यांत शेतात तिवरे रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनांना संरक्षण मिळाले आहे, जमिनीची मालकी कोणाचीही असो. कांदळवनांचे पर्यावरणीय मोल निर्विवाद आहे आणि हा निकाल किनाऱ्याच्या हिताचाच आहे. पण शेतकऱ्याच्या हाती काय उरते? सात-बारावर नाव, जमिनीत तिवरे आणि नांगर चालविण्याचा हक्क नाही.

अमेरिकन व इंग्रजी विधीत येथे एक भेद केला जातो. समुद्राने हळूहळू, डोळ्यांना न जाणवेल असा बदल केला तर हद्द पाण्याबरोबर सरकते. अकस्मात बदल झाला तर हद्द पूर्वीच्याच जागी राहते. २०१० साली फ्लोरिडातील पुळणीच्या भरावासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच भेदाचा आधार घेऊन शासनाने टाकलेल्या वाळूवर किनाऱ्यावरील घरमालकांचा हक्क मान्य केला नाही. हा भेद आपल्या खारभूमीला लावून पाहावा. बांध एका रात्री फुटतो, म्हणून बदल अकस्मात आहे. तिवरे वर्षानुवर्षे वाढतात, म्हणून बदल क्रमाक्रमाने आहे. आणि बांध दुरुस्त न होण्याचे कारण बहुधा निसर्ग नसून दुर्लक्ष असते. पाश्चात्त्य विधीतील दोन्ही कप्प्यांत ही घटना नीट बसत नाही, कारण त्या कप्प्यांत समुद्र आणि मालक एवढेच दोन पक्ष आहेत. बांध राखण्याची जबाबदारी घेतलेला आणि ती न पाळणारा विश्वस्त हा तिसरा पक्ष तेथे नाही.

न्यासविधीचे मूलभूत सूत्र असे आहे, की विश्वस्ताच्या कसुरीचा भुर्दंड हिताधिकाऱ्यावर पडू नये. तत्त्व खरोखर गांभीर्याने घ्यावयाचे असेल तर ते येथेही लागू व्हावयास हवे. सार्वजनिक हितासाठी तिवरे राखावयाची असतील तर ती जरूर राखावीत; मात्र त्याची किंमत ज्याचे भात बुडाले त्या एकट्याने का द्यावी? आपल्याकडील विश्वस्त तत्त्व राज्याला अधिकार देताना जितके मुखर असते, तितके राज्याला उत्तरदायी ठरविताना नसते, ही तक्रार येथे साधार ठरते.

पुळणीवरही स्थिती वेगळी नाही. रापण ओढण्यासाठी मोकळी पुळण लागते. बोंबील सुकविण्यासाठी वलांडी उभारावी लागतात. होड्या पावसाळ्यात वर ओढून शाकाराव्या लागतात. यांतील बहुतेक कामे भरतीच्या रेषेच्या आसपास होतात आणि ती करणाऱ्यांकडे त्या जागेचा कागद नसतो. पुळण 'समस्त जनतेची' झाली की सहलीला आलेला पर्यटक आणि रापण ओढणारा मच्छीमार हे कायद्यापुढे सारखेच हिताधिकारी ठरतात. एकासाठी ती संध्याकाळ असते आणि दुसऱ्यासाठी ती चूल असते. ही समानता न्यायाची नव्हे.

७. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की अमूर्त 'जनते'ऐवजी ठरावीक समूहांचे हक्क नोंदले तर तत्त्वाची व्यापकता जाईल; मेनप्रमाणे यादी बंदिस्त होईल आणि उद्याच्या गरजांना जागा राहणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे. मेनमधील दोष मात्र यादी केली हा नसून ती एकदाच केली हा आहे. सतराव्या शतकातील तीन शब्दांत एकविसाव्या शतकातील उपजीविका बसविण्याचा प्रयत्न तेथे चालला आहे. ठरावीक मुदतीने नव्याने तपासली जाणारी, गावाच्या सहभागाने होणारी नोंद या दोषापासून मुक्त राहू शकते.

दुसरा आक्षेप असा, की रूढीने चालत आलेल्या हक्कांच्या नावाखाली समूहांतर्गत विषमता पक्की होईल. शिलोत्री आणि खोती यांचा अनुभव पाहता हा आक्षेपही डावलता येत नाही. जातीचे, लिंगाचे आणि भांडवलाचे उतरंड किनाऱ्यावरही आहेत; होडीचा मालक आणि टोपली घेऊन बसणारी कोळीण यांचे हित सदैव एकच नसते. म्हणून नोंद करावयाची ती समूहाच्या म्होरक्यांच्या मालकीची न करता उपयोगाची करावी. कोण काय करते, कोठे करते आणि कोणत्या महिन्यात करते, असे तिचे स्वरूप हवे. असे करण्यास आपल्याकडे आधार नाही असेही नाही. विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांची परंपरा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व जलाशयांतील अन्य उत्पादनांवरील सामुदायिक हक्कांना वनक्षेत्रात मान्यता दिली आहे. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वस्त्यांच्या व गोव्यातील खाजनांच्या नकाशांचा विचार केला होता. वनाच्या कडेला जे शक्य झाले ते समुद्राच्या कडेला अशक्य का मानावे?

८. निष्कर्ष

सार्वजनिक विश्वस्त तत्त्व नाकारावे असा या लेखाचा आशय नाही. इलिनॉयच्या विधिमंडळाने एक बंदर देऊन टाकले होते. तसे देऊन टाकण्याला अटकाव करणारे तत्त्व आपल्याला आज अधिकच हवे आहे. विशेषतः २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचे नियमनक्षेत्र शंभर मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणल्यानंतर न्यायालयीन तत्त्वाचे महत्त्व वाढलेले आहे. आग्रह एवढाच, की तत्त्व पुरते घ्यावे.

त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. मालकीची रेषा आणि नियमनाची रेषा या भिन्न आहेत हे कायद्याने स्पष्ट सांगावे आणि दोन्ही रेषा गावात पाहता येतील अशा रीतीने दाखवाव्यात. कलम २० मधील 'अस्तित्वात असलेल्या अन्य हक्कां'ची भरती-ओहोटीच्या पट्ट्यापुरती गावनिहाय चौकशी व नोंद व्हावी. त्या उपवाक्याला आजवर दस्तऐवजाचे शरीर मिळालेले नाही, ते मिळावे. आणि विश्वस्ताच्या कसुरीने जेथे जमीन समुद्रात जाते तेथे भरपाई ही दया न मानता न्यासाचे कर्तव्य मानली जावी.

समुद्राची पातळी वाढत असताना हे प्रश्न अधिकाधिक बांधांवर उभे राहणार आहेत. रेषा जमिनीकडे सरकत जाईल आणि तिच्याबरोबर राज्याची मालकी आपोआप वाढत जाईल. रेषेमागे सरकणाऱ्या माणसाचा हक्क मात्र आपोआप सरकत नाही. तो कोणीतरी लिहून ठेवावा लागतो.